मराठवाड्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी भरवशाचा पंप कसा निवडावा

समुद्रापासून तीनशे ते पाचशे किलोमीटर आत राहणाऱ्या आपल्या भागात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटल्यावर मीठ, मासे आणि प्रवाळ बाहेरून मागवता येतात; वीज मात्र जशी येईल तशीच वापरावी लागते. त्यामुळे पंप निवडण्याचे जे निकष परदेशी माहितीपत्रकांत दिलेले असतात, ते छत्रपती संभाजीनगर, परभणी किंवा लातूरच्या घरात पुरे पडत नाहीत. परदेशात पहिला प्रश्न असतो तो पंप तासाला किती लिटर पाणी फिरवतो हा. इथे आधी हे पाहावे की, लाईट जाऊन आल्यावर पंप कोणी हात न लावता पुन्हा फिरू लागतो का. आणि त्यानंतर हे की, रोटर, म्हणजे पंपात फिरणारा भाग, मोडला तर सुटा रोटर किती दिवसांत हातात पडतो. या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यानंतरच लिटर, वॅट आणि किंमत यांचा हिशेब मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंप बंद पडला तर नेमके काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. २५ अंश तापमानाला समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याच्या तुलनेत जवळपास एक पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो, आणि पाणी तापत जाईल तसा तो आणखी घटतो. पाणी स्थिर झाले की पृष्ठभागावरून आत जाणारा प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. लाइव्ह रॉकमधले, म्हणजे टाकीत ठेवलेल्या सच्छिद्र समुद्री दगडांमधले, जिवाणू, मासे आणि प्रवाळ मात्र असलेला साठा वापरतच राहतात. मे महिन्यातील दुपारी दाट मासे असलेल्या टाकीत काही तासांतच मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसू लागतात. फिल्टर, दिवे किंवा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) एक दिवस बंद राहिले तर चालते. पाण्याची हालचाल बंद राहून चालत नाही.

दोन कामे, दोन प्रकारचे पंप

टाकीत पाणी फिरवण्याची दोन वेगळी कामे असतात. खालच्या सम्पमधून, म्हणजे टाकीखाली ठेवलेल्या जोड टाकीतून, पाणी वर टाकीत चढवण्याचे काम रिटर्न पंप करतो. त्याला उंचीविरुद्ध जोर लावावा लागतो. टाकीच्या आतल्या आत पाणी घुसळण्याचे काम वेव्हमेकर करतो. त्याला उंची चढायची नसते, म्हणून तो कमी वॅटमध्ये पुष्कळ पाणी हलवतो. एकच मोठा रिटर्न पंप घेऊन दोन्ही कामे भागवण्याचा प्रयत्न केला, तर वीज जास्त लागते, पाणी तापते, सम्पमध्ये बुडबुडे होतात आणि दगडांच्या मागचे कोपरे तरीही स्थिरच राहतात.

किती प्रवाह लागतो ते टाकीच्या मापावरून काढावे. आपल्याकडे टाकी फुटांतच सांगितली जाते, म्हणून चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी उदाहरणादाखल घेऊ. तिचे घनफळ ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी २१५ लिटरच्या आसपास राहते. रिटर्न पंपातून दर तासाला याच्या चार ते सहा पट, म्हणजे ९०० ते १३०० लिटर पाणी वर आले तरी पुरे. टाकीच्या आतला एकूण प्रवाह मात्र जिवांवर अवलंबून असतो: नुसते मासे असतील तर दहा पट, मऊ प्रवाळ असतील तर पंधरा ते वीस पट, आणि ॲक्रोपोरासारखे कठीण, बारीक बहुशुंडकांचे (पॉलिपांचे) प्रवाळ असतील तर चाळीस पट किंवा त्याहून अधिक. मऊ प्रवाळांच्या या टाकीला तासाला ३२०० ते ४३०० लिटर लागतील. त्यासाठी ४००० लिटरचा एक वेव्हमेकर घेण्याऐवजी २००० लिटरचे दोन घ्यावेत. दोन बाजूंनी येणारे प्रवाह एकमेकांवर आदळून पाणी विस्कळीत होते, ते प्रवाळांना एकाच दिशेच्या झोतापेक्षा मानवते. आणि एक पंप अडकला तरी दुसरा टाकी सांभाळतो. माझ्या मते हे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे.

खोक्यावरचा आकडा आणि बादलीतला आकडा

खोक्यावर छापलेला प्रवाह हा शून्य उंचीवरचा, नळी न जोडलेला आकडा असतो. त्याच्याशेजारी ‘एच मॅक्स’ म्हणून एक माप दिलेले असते. त्या उंचीला पंपाचा प्रवाह शून्य होतो. या दोन आकड्यांच्या दरम्यान सरळ रेषा ओढली तर ढोबळ अंदाज बांधता येतो. सम्पमधील पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या काठापर्यंत १.३ मीटर उंची असेल आणि नळी व एल्बो यांच्या अडथळ्यापोटी आणखी ०.३ मीटर धरले, तर पंपाला १.६ मीटरचा विरोध होतो. तासाला ३००० लिटर आणि एच मॅक्स ३ मीटर असलेला पंप अशा ठिकाणी सुमारे १४०० लिटर देईल. तेवढेच ३००० लिटर छापलेला पण एच मॅक्स २ मीटरचा पंप जेमतेम ६०० लिटर देईल. दुकानात दोन्हींची किंमत जवळपास सारखी असू शकते, म्हणून लिटरच्या आकड्यापेक्षा उंचीचा आकडा आधी वाचावा. काही खोक्यांवर प्रवाह गॅलनमध्ये दिलेला असतो. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. तसेच ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असे लिहिलेला साधा एसी पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे.

पंप बसवल्यावर खरा प्रवाह मोजणे अगदी सोपे आहे. टाकीत सुटणारे रिटर्नचे तोंड दहा लिटरच्या बादलीत धरावे आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागले की तासाचे लिटर मिळतात. तीस सेकंद लागले तर १२०० लिटर. ही नोंद टाकीच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने तारखेसह लिहून ठेवावी, कारण पुढे पंपात क्षार साचत गेले की हाच आकडा सर्वात आधी घसरतो आणि पंप धुवायची वेळ झाल्याचे सांगतो.

एसी की डीसी

साध्या एसी पंपाची रचना अत्यंत सोपी असते: इपॉक्सीत बंद केलेली कॉइल आणि तिच्यात फिरणारा चुंबकाचा रोटर. बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक काहीच नसल्यामुळे स्थिर विजेवर असे पंप वर्षानुवर्षे चालतात. त्यांची अडचण कमी व्होल्टेजला दिसते. उन्हाळ्यातील रात्री गल्लीतले सगळे कूलर सुरू असताना व्होल्टेज १८० च्या खाली गेले, तर आधीपासून फिरत असलेला रोटर फिरत राहतो. पण त्याच सुमारास लाईट जाऊन आली की त्याला सुरुवातीचा जोर मिळत नाही. पंपाला हात लावल्यावर कंप जाणवतो, घूं असा आवाज येतो आणि नळीच्या तोंडाशी पाणी मात्र जागचे हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पंप सुरू आहे असेच वाटते. शाफ्टवर, म्हणजे रोटर ज्याभोवती फिरतो त्या दांड्यावर, क्षारांचा पापुद्रा बसला असेल तर हे पुऱ्या व्होल्टेजलाही घडते.

डीसी पंपांना, म्हणजे बहुधा २४ व्होल्टच्या पंपांना, बाहेर एक अडॅप्टर आणि कंट्रोलर असतो. अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर आपल्याकडील व्होल्टेजच्या चढउताराचा पंपाच्या वेगावर परिणाम होत नाही. तेवढ्याच पाण्याला वीजही कमी लागते आणि वेग बटणाने कमीजास्त करता येतो. त्यांचा कमकुवत दुवा अर्थातच अडॅप्टर आणि कंट्रोलर. वळवाच्या पावसात विजा कडाडताना किंवा लाईट परत येतानाच्या झटक्यात तेच आधी जातात. म्हणून डीसी पंप घेतल्यास त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा जादा अडॅप्टर त्याच वेळी घेऊन ठेवावा, आणि अडॅप्टर चांगल्या स्पाइक गार्डवर लावावा. या अटीवर मराठवाड्यातील घरासाठी मी डीसी पंपाच्या बाजूने कौल देईन. मोबाइलवरून लाटांचे नमुने बदलण्याच्या सोयीसाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत. तेच पैसे सुट्या भागांवर खर्च व्हावेत.

डीसी पंपाचा कंट्रोलर लाईट गेल्यानंतर आधीचा वेग लक्षात ठेवतो की पुन्हा बटण दाबण्याची वाट पाहतो, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. दुसऱ्या प्रकारचा पंप कितीही उत्तम असला तरी, घरातील माणसे कामावर गेल्यावर दुपारी लाईट जाणाऱ्या गावात त्याचा उपयोग नाही.

दुकानात काय तपासावे

दुकानदाराला बादलीभर पाण्यात पंप लावून दाखवायला सांगावे आणि बटण सात-आठ वेळा बंद-चालू करावे. प्रत्येक वेळी पंप खडखड न करता लगेच फिरला पाहिजे. पहिल्या क्षणाला टक्कन आवाज होऊन मग सुरळीत फिरणे हे बऱ्याच एसी पंपांत चालते; आवाज सुरूच राहिला तर शाफ्ट किंवा बुशिंग (शाफ्टचे टोक धरणारा भाग) सैल आहे असे समजावे.

त्यानंतर पंप बंद करून, प्लग काढून, पुढचे झाकण उघडावे आणि रोटर बाहेर काढून पाहावा. हे काम स्क्रूड्रायव्हरशिवाय झाले पाहिजे. ज्या पंपाचा रोटर काढायला खटपट लागते तो पंप धुतला जात नाही. रोटरमधून जाणारा शाफ्ट पांढरा, गुळगुळीत सिरॅमिकचा असावा. धातूचा शाफ्ट दिसला तर तो पंप खाऱ्या पाण्यासाठी घेऊ नये. विक्रेता चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, स्टेनलेस आहे’ असे दाखवील. पण चुंबकाला न चिकटणारे स्टीलही मिठाच्या पाण्यात कालांतराने गंजते, त्यामुळे ती चाचणी ग्राह्य धरू नये. सिरॅमिक शाफ्ट पडला की मोडतो, म्हणून तो हाताळताना खाली कापड अंथरावे. रोटरच्या चुंबकावरचे प्लास्टिकचे आवरण नखाने चाचपून पाहावे. त्याला चीर असेल तर आत मीठ शिरून चुंबक फुगतो आणि रोटर पंपातल्या आपल्या पोकळीतच अडकून बसतो. वेव्हमेकर काचेला धरून ठेवणाऱ्या चुंबकाचेही तसेच. त्याच्या कडेला नारिंगी-तपकिरी डाग दिसू लागला की तो बदलावा, कारण तो सडला की वेव्हमेकर वाळूत पडतो आणि गंज पाण्यात उतरतो. हा चुंबक किती जाडीच्या काचेपर्यंत धरतो हे खोक्यावर दिलेले असते. आपली काच त्याहून जाड नसावी.

घरोघरी कूलर असल्यामुळे कूलरचाच अठरा-वीस वॅटचा पंप टाकीत सोडण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो पंप गोड्या पाण्यासाठी आणि हंगामापुरत्या वापरासाठी बनवलेला असतो. मिठाने त्यातील धातू खाल्ला जातो, आणि सील फुटून कॉइलची तांब्याची तार पाण्याच्या संपर्कात आली तर प्रवाळ, कोळंब्या आणि गोगलगायी मरतात. तांब्याचा अंशही त्यांना सोसत नाही.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. भारतात सोबो आणि सनसन हे चिनी पंप जवळपास सगळीकडे मिळतात, जेबाओचे डीसी पंप ऑनलाइन मागवता येतात, आणि जर्मनीच्या एहाइम व ट्युन्झे किंवा इटलीच्या सिचे या कंपन्यांचे पंप महाग पण टिकाऊ म्हणून ओळखले जातात. इकोटेकच्या व्होरटेक पंपाची मोटर काचेच्या बाहेर बसते आणि आतला पंखा चुंबकाने फिरतो, त्यामुळे मोटरची बरीच उष्णता आणि वायर दोन्ही पाण्याबाहेर राहतात. तरीही नांदेडमध्ये राहणाऱ्याने नावापेक्षा हे विचारावे की, या मॉडेलचा रोटर सुटा मिळतो का आणि तो कोणाकडे तयार असतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट परिसरातील मत्स्यदुकानांतून एखादा नातेवाईक तो आणू शकत असेल तर उत्तमच. वॉरंटीच्या कार्डावर पंप स्वखर्चाने परत पाठवायची अट असते का, तेही वाचून घ्यावे; पंप दुरुस्तीला गेल्यावर टाकी कशावर चालणार याचे उत्तर वॉरंटीत नसते.

उष्णता आणि बाष्पीभवन

पाण्यात बुडवलेला पंप जेवढे वॅट घेतो, त्यातील जवळपास सगळी वीज अखेर पाण्यातच उष्णता होऊन उतरते. ४० वॅटचा पंप दिवसभरात सुमारे एक युनिट वीज घेतो. २०० लिटर पाण्यातून ती उष्णता बाहेर पडलीच नाही असे धरले, तर तेवढ्याने पाणी चार अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेत जाते, पण बाहेर ४२ अंश असताना टाकी २४ ते २७ अंशांत ठेवू पाहणाऱ्याला प्रत्येक वॅटचा विचार करावाच लागतो. शिवाय ४० वॅट अखंड चालले की महिन्याला जवळपास २९ युनिट होतात आणि बिल वरच्या टप्प्यात जाऊ शकते. म्हणून दोन पंपांत प्रवाह सारखा असेल तर कमी वॅटचा घ्यावा.

पाणी गार ठेवायला वरून छोटा पंखा लावतात, आणि आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने तो चांगला लागू पडतो. त्याचा पंपावर होणारा परिणाम मात्र लक्षात ठेवला पाहिजे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी टाकीत कमी दिसत नाही. ते सम्पच्या रिटर्न कप्प्यातच कमी होते. एक दिवस दुर्लक्ष झाले की कप्पा आटतो, पंप हवा ओढू लागतो आणि कोरडा फिरून तापतो. पाणी नसताना आपोआप बंद होणारा पंप असेल तर तो निवडावा, नाहीतर कप्प्यात फ्लोट स्विच (पाण्याची पातळी उतरली की पंप बंद करणारे बटण) बसवावा. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याचीच, कारण मीठ उडून जात नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात आरओचे टाकाऊ पाणी सोडून देणे जिवावर येते, तेव्हा ते धुण्याभांड्यांसाठी भरून ठेवण्याची सोय आधीच करावी.

लाईट जाते तेव्हा

रिटर्न पंप थांबला की टाकीतील पाणी रिटर्नच्या नळीतून उलटे सम्पमध्ये उतरू लागते आणि नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत उतरत राहते. सम्पमध्ये तेवढी मोकळी जागा नसेल तर पाणी फरशीवर येते. नळीचे तोंड पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरच खाली ठेवावे, किंवा पृष्ठभागाच्या किंचित खाली नळीला एक छोटे छिद्र पाडावे, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या जोडावर) विसंबू नये. त्याच्या झडपेत शेवाळ आणि कवचधारी किडे बसले की ती पुरती मिटत नाही. टाकी भरल्यावर पहिल्याच दिवशी आपण स्वतः बटण बंद करून, पाणी उतरणे पूर्ण थांबेपर्यंत पाहत उभे राहावे, आणि त्या पातळीवर सम्पच्या काचेला खूण करावी.

इन्व्हर्टरवर रिटर्न पंप चालवण्याची गरज नसते. एक वेव्हमेकर पृष्ठभाग हलवील अशा बेताने वर वळवून चालू ठेवला तरी मासे तगतात. घरातील इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर गुणगुणतो आणि जास्त तापतो. प्युअर साइन वेव्हचा असेल तर हरकत नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. त्यातले निम्मेच वापरायचे आणि इन्व्हर्टरची तूट पाचवा हिस्सा धरायची, तरी सुमारे ७२० वॅट-तास उरतात, म्हणजे ३० वॅटचे वेव्हमेकर चोवीस तास. त्याच बॅटरीवर दोन पंखे आणि टीव्ही असतील तर हा हिशेब काही तासांवर येतो, म्हणून शक्य असल्यास टाकीसाठी लहान बॅटरी वेगळी ठेवावी. काही डीसी पंपांच्या कंट्रोलरला थेट बॅटरी जोडण्याची सोय असते. तीत इन्व्हर्टरची तूटही वाचते.

विजेच्या सुरक्षिततेत काटकसर नको. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे, तेव्हा टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा, प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी आणि टाकीत हात घालण्यापूर्वी बटणे बंद करावीत.

बसवणे आणि निगा

नवीन पंप थेट टाकीत न सोडता आधी मिठाच्या पाण्याच्या बादलीत दिवसभर चालवावा. तेलाचा तवंग, वास किंवा गंज असेल तर तो बादलीतच कळतो. सी ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) ठेवणाऱ्याने वेव्हमेकरच्या जाळीवर स्पंजचे आवरण घालावे, कारण ॲनिमोनी रात्री जागा बदलते आणि पंख्यात ओढली गेली तर तिच्या चिंध्या होऊन सगळी टाकी नासते.

दर दोन-तीन महिन्यांनी पंप काढून, व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात तासभर चालवावा. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व स्वस्त पडते. लिटरभर पाण्याला दोन चमचे पुरतात. क्षार फसफसून सुटले की रोटरचे घर जुन्या टूथब्रशने घासावे आणि सगळे भाग साध्या पाण्याने धुऊन जोडावेत. दोन पंप एकाच दिवशी धुऊ नयेत. उन्हाळा लागण्यापूर्वी, म्हणजे होळीच्या सुमारास, एक धुणे नक्की व्हावे, कारण पुढचे तीन महिने व्होल्टेज सर्वात कमी आणि पाणी सर्वात गरम असते. रोटरवर झीज दिसू लागली की तो बदलून टाकावा, आणि जुना पंप अजून फिरत असेल तर पाणी बदलण्यासाठी ड्रममध्ये मीठ विरघळवण्याच्या कामी लावावा. तिथे तो मध्येच थांबला तरी कोणाचा जीव जात नाही.